तपासणीच्या दिवशी मी लंगडले

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मगच सांगते. चहा घ्या तोवर.

जन्मभर मी शाळेत शिकवलं. 'प्रश्न नीट समजून घ्या आणि मग उत्तर द्या,' हे पोरांना सांगून सांगून घसा कोरडा केला. आणि मी स्वतः? अहो, प्रश्न राहू द्या, विचारणारा माणूस कोण हेसुद्धा समजून न घेता धडाधड उत्तरं देऊन मोकळी झालेली बाई आहे मी!

आमचं गाव मुळशीतलं, पौडच्या जवळचं. नाव नाही सांगत. माहेर आहे, अजून सणावाराला बोलावतात. पन्नास सालाच्या पुढची गोष्ट. गावात शाळा होती ती सहावीपर्यंत. सातवीचा वर्ग त्या वर्षी नवा निघाला, तोही तात्पुरता. वरून साहेब येणार, तपासणी करणार, पोरं तयार दिसली तर सातवी कायम. नाहीतर बंद.

बंद झाली तर मुलगे चालत पौडला गेले असते. पण मुली? वर्गात मुली दोनच, मी आणि पारू. आम्हाला कोण पाठवतंय पौडला! आणि 'सातवीची फायनल झाली की मास्तरीण होता येतं' असं गुरुजींनी एकदा सांगितल्यापासून मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

आणि काय वर्ष होतं ते! तोवर नदी म्हणजे धुणं धुवायची जागा. भूगोलात कळलं की आपली मुळा पुढे पुण्याला जाते आणि तिथे तिला मुठा भेटते. विज्ञानात कळलं, गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो. नागरिकशास्त्रात कळलं, ग्रामपंचायतीला कामंसुद्धा असतात. अंकगणितात शेताचं क्षेत्रफळ निघालं. टकळीवर सूत काढायलाही शिकवायचे, पण माझं सूत इतकं तुटायचं की गुरुजी म्हणायचे, "हिच्या सुताचा सदरा घातला तर माणूस उघडाच राहायचा."

घरी जाऊन मी आबांना, म्हणजे वडिलांना, पिडायची.

"आबा, आपली नदी कुटं जाती ठाव हाय का?"

"जाती तिकडं जाऊ दे तिला. तू आदी श्यान उचल."

असं सगळं छान चाललं होतं. आणि मुठा गावाहून आत्या आली.

आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. ती आली की घरातली मांजरंसुद्धा नीट बसायची. मी गोठ्यात होते, ती दोघं पडवीत. कान तिकडेच होते माझे, खोटं कशाला बोलू?

"म्हादू, पोरीला चौदावं लागलं. नेऱ्याचं स्थळ हाय. जमीन हाय, बैलं हायेत. आनि काय पायजे?"

"आक्का, सातवी तरी व्हऊ दे तिची."

"सातवी काय भाजून खायाची हाय? पावनं आठ-पंधरा दिसात येत्याल. घरी न्हाई यायचं, परभारं बघून जात्याल. पान्यावर, न्हाईतर शाळंत. पोरीला कळू दिऊ नगं."

तेव्हा ही पद्धतच होती बरं का. मुलाकडचा माणूस आधी गुपचूप येऊन मुलगी बघून जायचा. पसंत पडली तर रीतसर घरी यायचा. नाही पडली तर कुणाला पत्ता नाही, कुणाचा अपमान नाही. पद्धत चांगलीच. पण बघितली जाणाऱ्या मुलीला अर्धवट कळलं, तर काय होतं ते आता ऐका.

मी रडत रडत पारूकडे गेले. पारूच्या थोरल्या बहिणीचं नुकतंच ठरलं होतं, त्यामुळे या विषयात तिची सातवीच काय, कॉलेज झालं होतं!

"रडतीस कशाला?" ती म्हणाली. "पावनं बघत्यात काय? चाल बघत्यात, डोळं बघत्यात, अन् अक्कल हाय का ते बघत्यात. समदं बिघडवून दाव. पळून जातंय पावनं!"

मग काय! दुसऱ्या दिवसापासून आमचा सराव सुरू झाला. मधल्या सुट्टीत शाळेच्या मागे मी लंगडायची, तिरळं बघायची, आणि पारू पाव्हणा होऊन बघायची. तिरळं बघता बघता एकदा मला खरंच भोवळ आली. पण जिद्द म्हणजे जिद्द.

आणि एके दिवशी तो आला.

सकाळी शाळेच्या ओसरीवर एक म्हातारबाबा घोंगडी टाकून टेकले होते. त्यांनी पाणी मागितलं. मी माठातलं गार पाणी नेऊन दिलं. नाव काय, कुणाची लेक, कितवीत, त्यांनी विचारलं, मी गोड बोलून सगळं सांगितलं. 'बाबा, आमच्याकडं पान्याला तुरटी लावत्यात, निवांत प्या,' हेही वर ऐकवलं. वाटसरू होते बिचारे.

मी वर्गात जाऊन बसले आणि खिडकीतून बघते तर काय! आबा येत होते. धुतलेली टोपी, हसरा चेहरा. आणि त्यांच्याबरोबर एक परके गृहस्थ. काळा कोट, धोतर, बगलेत छत्री, गुडघ्यापर्यंत धूळ.

मी मागे वळून पारूला खूण केली. पाव्हणा!

गुरुजी धावत सामोरे गेले. "या, या साहेब!" मग वर्गाला म्हणाले, "मुलांनो, साहेब तपासणीला आले आहेत."

तुम्ही म्हणाल, आता तरी कळायला हवं होतं! पण ऐका ना. साहेब यायचे म्हणजे आधी सांगावा यायचा, मग जीप यायची, शिपाई यायचा. शाळा सारवून निघायची, तोरण लागायचं. हा माणूस तर आबांबरोबर गप्पा मारत पायी आला! मी मनात म्हटलं, गुरुजीही सामील! आणि तपासणी? तपासणीच की! माझी!

साहेबांनी वर्गावर नजर फिरवली. दोनच मुली दिसल्या, त्यातली मी पुढे. त्यांनी प्रेमानं विचारलं, "बाळ, नाव काय तुझं? कुणाची तू?"

झालं! पहिलाच प्रश्न हा. पारूनं मागून मला चिमटा काढला.

"इकडे ये बघू, फळ्याजवळ."

चाल बघतायत! मी उठले आणि जी लंगडत निघाले म्हणता! गुरुजी चकित. सकाळी धावत आलेली पोरगी ही! फळ्यापाशी पोचले आणि दोन्ही बुबुळं नाकाकडे नेऊन साहेबांकडे बघत उभी राहिले.

साहेब जरा दचकले. "बरं. मुळा नदी कुठून कुठे जाते?"

"पुन्यातनं निगती, अन् डोंगार चढून आमच्याकडं येती."

वर्ग खो खो हसला. गुरुजींनी कपाळाचा घाम पुसला. "साहेब, ही आमची सगळ्यांत हुशार मुलगी..."

शाळेतले प्रश्न विचारायला आत्यानंच पढवलंय यांना, मी मनात म्हटलं.

"घरी पाणी कुठून आणता? गाळता का?" साहेबांनी विचारलं. हे आरोग्य होतं हो, आरोग्यशास्त्र! मला वाटलं, घरकाम विचारतायत.

"गाळत न्हाई. किडं पडलं तरी तसंच पितो."

"सूत काढता येतं का?"

"तुटतं." हे एक तेवढं खरं होतं.

"ग्रामपंचायतीचं काम काय?"

"भांडनं लावायची."

ओसरीवर सरपंच येऊन बसले होते. त्यांना मोठा ठसका लागला.

तुम्ही हसताय. पण खरं सांगू? मला तेव्हा रडू येत होतं. वर्षभर जे जीव लावून शिकले होते, ते एकेक करून मी आपल्याच तोंडानं खोटं पाडत होते. बरोबर उत्तर जिभेवर यायचं, ते गिळायचं आणि चुकीचं शोधून काढायचं. शिकण्यापेक्षा हे अवघड होतं. शेताचं क्षेत्रफळ काढताना लांबी-रुंदीचा गुणाकार सोडून मी बेरीज केली. गुरुजींचा चेहरा पाहवत नव्हता. पण सातवी पूर्ण करायची तर हे करायलाच हवं, असं मला वाटत होतं. आणि खरं तर माझ्या प्रत्येक उत्तराबरोबर ती सातवीच बुडत चालली होती!

साहेबांनी चष्मा काढला. मग हळूच म्हणाले, "बाळ, ज्याला काही येत नाही त्याचंसुद्धा चुकून एखादं उत्तर बरोबर येतं. तुझं एकही येत नाही. म्हणजे तुला सगळं येतंय. असं का करतेस?"

कुणी रागावलं असतं तर मी टिकले असते. पण ते मायेनं बोलले, आणि माझा बांध फुटला.

"मला लगीन न्हाई करायचं!" मी ओरडले. "मला सातवी करायचीय! तुमच्या पोराला दुसरी बघा!"

दारात आबा होते, त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

साहेब म्हणाले, "अगं, मला मुलगाच नाही. एक मुलगी आहे, तुझ्याच वयाची. यंदा सातवीला आहे."

साहेब मुद्दाम न सांगता पायी आले होते, आणि वाटेत भेटले म्हणून आबा बरोबर चालत आले होते, एवढंच! धरणीनं पोटात घ्यावं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी त्यांच्याकडे अजून तिरळंच बघत होते, तर ते म्हणाले, "आता डोळे सरळ केलेस तरी चालेल."

मग त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं. नदी पुण्याकडे नीट उतरली, पाण्यात तुरटी फिरली, क्षेत्रफळाचा गुणाकार झाला. सरपंचांसाठी पंचायतीची कामं जरा मोठ्यानं सांगितली. बाकीची पोरंही छान बोलली. जाताना साहेब गुरुजींना म्हणाले, "वर्ग चालू ठेवा."

संपलं म्हणता? छे हो! नेऱ्याचे पाव्हणे राहिले ना!

ते आले होते. त्याच दिवशी, त्याच वेळी. ओसरीवर घोंगडी टाकून बसलेले म्हातारबाबा, ज्यांना मी पाणी पाजलं, तेच ते! खिडकीतून त्यांनी माझं लंगडणं बघितलं, नदी डोंगरावर चढलेली ऐकली, आणि मी रडायच्या आधीच घोंगडी झटकून वाटेला लागले.

दोन-चार दिवसांत आत्या तणतणत हजर.

"म्हादू, शाळा बंद कर हिची! पावनं म्हनत्यात, पोरगी पानी द्याया आली तवा ताठ हुती, ग्वाड बोलत हुती. शाळंत शिरली अन् लंगडाय लागली, तिरळं बघाय लागली, कायबाय बरळाय लागली. शाळंत पोरगी बाधली म्हनत्यात!"

मी आईच्या मागे उभी. साहेबांनी सातवी ठेवली खरी, पण मला तीत बसू द्यायचं की नाही, ते आबांच्या हातात होतं. आबांनी पानाला चुना लावला, कात घातला, सुपारी कातरली. जीव टांगणीला लागला माझा!

"आक्का," आबा म्हणाले, "आता बाधलीच हाय, तर पुरती बाधू दे. अर्धी बाधल्याली पोर घ्येतंय कोन?"

आणि माझ्याकडे न बघता पान तोंडात टाकलं.

अशी मी सातवी झाले. फायनल झाले, पुण्याला ट्रेनिंग झालं, मास्तरीण झाले. वर्षभर इतके विषय शिकले, पण 'साहेब, आपण कोण?' एवढं साधं विचारायला काही शिकले नव्हते. ते मात्र पुढे माझ्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवायची.

आणि ती आवई? ती मुळशीभर पसरली. 'लंगडी मास्तरीण' म्हणून पुष्कळ दिवस कुणी फिरकलं नाही, आणि मला तेच हवं होतं. अधूनमधून अनोळखी पागोटं दिसलं की मीही दोन पावलं लंगडून घ्यायची. कधी उजव्या पायानं, कधी डाव्या. त्यामुळे काही गावांत माझे दोन्ही पाय गेले होते!

पुढे एक स्थळ आलं. मुलगा शिक्षक, स्वभावानं शांत. आणि खरं सांगायला आता लाज कसली, मला तो फार आवडला. तोच हवा होता. त्याच्या आईच्या कानावर ती आवई गेलेली होतीच. त्या म्हणाल्या, "पोरी, जरा चालून दाव गं."

म्हटलं, बघाच आता! ताठ मानेनं, सरळ नजरेनं, झपझप निघाले. अख्खी पडवी पार केली आणि उंबऱ्याला अशी ठेच लागली की बाई गं! अंगठा फुटला. परत आले ती लंगडत.

लग्न झालं म्हणा. हा चहा केलाय ना, तो आमच्या ह्यांनीच. पण सासूबाईंना मी लंगडी नाही हे काही पटवता आलं नाही. अंगणात पळून दाखवलं, दोरीवरच्या उड्या मारून दाखवल्या. त्या म्हणायच्या, "व्हय गं बाय, न्हाईस तू लंगडी." आणि होत्या तोवर दर वेळी उंबरा आला की माझा हात धरायच्या.