कूलरचा पंप आणि नानांचा जोड

परवा दुपारी साक्रीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एकटीच बसले होते. आमच्या गल्लीतला गोकुळ आला आणि पिशवीतून कूलरची वायर अन् पाण्याचा पंप काढून काउंटरवर ठेवला. मागोमाग त्याचे वडील, सुकदेव नाना आले... पण दारातच उभे राहिले.

नुकताच दहावा झाला होता. दोघांचंही मुंडण केलेलं. गोकुळची आई चालू कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून गेली.

ती वायर मध्येच तुटली होती, आणि नानांनी घरीच जोडून वर टेप गुंडाळला होता. गल्लीत सगळे तेच बोलत होते. गोकुळ तेव्हापासून बापाशी एक शब्द बोलला नव्हता.

"ताई, हा जोड तेवढा चेक करा. मला खात्री करून घ्यायचीय."

मी पंखे, मिक्सर, कूलर सगळं दुरुस्त करते. पण असलं काम कधी आलं नव्हतं.

पंप आधी वेगळा केला. जोडाभोवती ओलं फडकं गुंडाळलं, मल्टिमीटरची एक पिन वायरला लावली, दुसरी फडक्याला. टेपमधून करंट झिरपत असता तर आकडा आला असता. दोनदा बघितलं... काही नाही.

मग पंप बादलीत बुडवला. एक पिन त्याच्या वायरला, एक पाण्यात. आकडा लगेच आला.

"नाना, तुमचा जोड चांगला आहे. पंपाच्या आत पाणी शिरलंय. करंट तिथून पाण्यात उतरला."

मला वाटलं, नानांचा जीव हलका होईल. पण ते गोकुळकडे बघत राहिले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पंप मी आणला होता, ताई... सुटीवर आलो तेव्हा. जुना फार आवाज करतो म्हणून आई मागे लागली होती."

तेव्हा कुठे नाना आत आले. माझ्या मीटरवर हात ठेवून, दोष स्वतःच्या जोडावर घेत म्हणाले, "तुन्हं मीटर चुकनं व्हई, ताई. मनाच जोड ढिला व्हता."

गोकुळ तिथेच खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

खोटं सांगून भागणार नव्हतं. मी म्हटलं, मीटर बरोबर आहे. पण पंप आतून फुटलाय हे बाहेरून कुणालाच दिसलं नसतं. घरात करंट जमिनीत नेणारं अर्थिंग असतं तर काकू कदाचित वाचल्या असत्या... आणि ते आपल्या अख्ख्या गल्लीत नाही.

तासाभराने मी त्यांच्याकडे अर्थिंग करायला गेले. गोकुळ अंगणात खड्डा खणत होता, नाना त्यात भरायला कोळसा आणि मीठ घेऊन बसले होते. मध्येच गोकुळ म्हणाला, "बाबा, उन्हातून उठा. सावलीत बसा जरा."

कूलरमध्ये पाणी भरण्याआधी त्याची पिन बोर्डातून काढत जा, एवढं हात जोडून सांगते. काकू काही परत येणार नाहीत, त्यामुळे चांगलं झालं असं म्हणवत नाही. पण बाप उठून सावलीत जाऊन बसला... आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.