मेंढ्याच्या शिंगांचं हँडल आणि तांड्याचा उतार

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी देवापुढे दिवा लावला, नमस्कार केला, आणि अंगणात येऊन सायकलचं सरळ हँडल काढून टाकलं... बायको दारातून बघत होती. चहाचा कप तिने जरा आदळूनच ठेवला.

मी आर्णीकडचा टपालवाला. माझ्या फेरीतलं शेवटचं गाव म्हणजे टेकडीवरचा बंजाऱ्यांचा तांडा. दोन वर्षांपूर्वी त्या उतारावर जुन्या सायकलच्या ब्रेकची तार तुटली आणि मी पडलो... मनगट मोडलं.

हाड जुळलं, भीती मात्र राहिली. पुढे गिअरची, जाड टायरची सायकल घेतली, तरी उतारावर तिच्यावर बसायची हिंमत झाली नाही. तो सगळा उतार मी सायकल हातात धरून पायी उतरायचो.

तांड्यावर सोनीबाई आहेत, सगळे त्यांना याडी, म्हणजे आई म्हणतात. एकदा वरूनच ओरडल्या, “काहून बापू, सायकल तुले घेऊन चालली का तू सायकलले?” सगळा तांडा हसला. मीही हसलो... आणि पायीच उतरलो.

त्यात सरळ हँडलवर तळहात पालथे टेकले की अर्ध्या तासात मनगट ठणकायचं. पुण्याच्या भाच्याने त्याच्या रेसिंग सायकलचं जुनं हँडल दिलं, ब्रेकच्या मुठींसकट. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. त्यावर तळहात एकमेकांसमोर राहतात, मनगटाला आराम पडतो; वाटलं, आता उतारही जमेल.

मला वाटलं, दोन्ही सायकलींचेच भाग, जमणारच. हँडल बसलंही. ब्रेक जरा ढिले वाटले, म्हणून त्यांचे रबर चाकाच्या अगदी जवळ आणून घट्ट केले... आणि ऐटीत रशीदभाईंच्या दुकानात गेलो.

रशीदभाई वीस वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. कापसाच्या या पडत्या वर्षांत जिनिंग बंद झाली आणि त्यांनी सायकल दुरुस्ती सुरू केली. वय साठीचं, एक गुडघा नीट वाकत नाही.

त्यांनी माझी शिंगं बघितली. “भाऊ, हे सायकल हाय का बकरीदचा माल?” मग चाक फिरवलं, मूठ दाबली, आणि हसू गेलं. “रबर इतके चिपकवले... काळ्या मातीचा चिखल अडकला की चाकच फिरणार नाही. अन ढिले केले तर ब्रेक लागणार नाही.”

ढिले करून दाखवलं. मूठ पार हँडलला टेकली, तरी चाक फिरतच होतं. हीच सायकल मी दुसऱ्या दिवशी तांड्याच्या उतारावरून चालवणार होतो.

मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. खिशातून आगकाडी काढली. मी सोबत नेलेल्या जुन्या हँडलची मूठ तार अडकवून दाबली, तार किती सरकली तिथे काडीवर नखाने खूण केली. मग नवी मूठ दाबली, दुसरी खूण केली... दुसरी खूण पहिलीच्या निम्म्यावर!

“तुमचा ब्रेक जास्त तार मागून राह्यला, अन ही मूठ देते अर्धी. दोघंही चांगले हाय, पण जोडी जमत नाही.” एका आगकाडीने त्यांनी मला सगळं समजावलं.

चार दिवस लागले. जिनिंगच्या भंगारातल्या पितळी तुकड्यातून त्यांनी दोन छोटी चाकं घडवली. प्रत्येकावर दोन खाचा, एक लहान घेराची, एक मोठ्या घेराची. मुठीची तार लहान खाचेवर, ब्रेकची मोठीवर. मूठ थोडं ओढते, ब्रेकला दुप्पट पोचतं... मी बघतच राहिलो. देव कोणाच्या हातांत काय ठेवतो!

गिअरचा जुना खटका नव्या हँडलवर चढेना. मग गिअर बदलायची एक जुनी, न अडखळता सरकणारी दांडी शोधून फ्रेमवर बसवली. “हिले खाचा नाही, म्हणून कोणत्याच गिअरशी भांडत नाही.”

पाचव्या दिवशी सायकल घ्यायला गेलो, तर देईनात. “आधी तांड्यावर चला.” चढावर आम्ही दोघांनी आळीपाळीने ढकलली. वर पोचल्यावर मी हात पुढे केला, तर म्हणाले, “सरका.”

जिनिंगमध्ये म्हणे रिवाज होता... मशीन दुरुस्त केलं की पहिला कापूस फिटरने स्वतःच्या हाताने घालायचा. “चुकलं तर ज्याचं काम त्याचा हात जावा. दुसऱ्याचा कायले?” इतकं बोलून, न वाकणारा गुडघा सांभाळत, ते बसले आणि निघाले...

मी पडलो होतो त्या वळणावर सायकल दिसेनाशी झाली. मी डोळे मिटले, ओठांवर देवाचं नाव आलं. तेवढ्यात खालून घंटी वाजली... एकदा, दोनदा.

माझ्याशेजारी याडी कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलंही नाही. “म्हातारा तर उतरला,” एवढंच बोलल्या. यावेळी हसल्या नाहीत.

रशीदभाईंनी सायकल परत वर आणली, माझ्या हातात दिली आणि घाम पुसत दगडावर बसले. माझा ब्रेक आधी त्यांच्या जिवावर तपासून झाला होता. आता न बसायला कारण कुठलं उरलं होतं?

दोन्ही हात शिंगांच्या खालच्या वळणावर ठेवले. रशीदभाईंना मनातल्या मनात नमस्कार केला, देवाला केला तसाच... आणि दोन वर्षांनी तांड्याचा उतार सायकलवर बसून उतरलो.