बाबांच्या वाट्याचं अंडं

मैत्रिणींनो, आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रथिनाच्या पचनाचा प्रयोग करायचा होता. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग काचेच्या नळीत पाण्यात कुस्करून त्यात आम्ल आणि पेप्सिन, म्हणजे पोटातलाच पाचकरस, घालायचा.

अंडं घरून नेलं. आईनं ते बाबांसाठी उकडलं होतं. बाबांच्या पोटात गाठ आहे, पेजसुद्धा टिकत नाही.

"मले नाही पचत वं माय, तुह्या नळीले दे," बाबा मला म्हणाले. त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून मला शिकवायचा ध्यास त्यांचाच.

कॉलेजात वीज नव्हती. ऊब मिळावी म्हणून बूच लावलेली नळी काखेत धरून बसले. दुपारपर्यंत गढूळ पाणी नितळ झालं, म्हणजे अंडं पचलं. सर खूश झाले. मला रडू आलं.

आत्ता घरी आले. खाटेवरूनच बाबांनी विचारलं, "पचलं काय वं?"

तुम्ही काय सांगितलं असतं?