परवानगी नसलेला फुगा

सुधाकर गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही; ती मीच दिली. शर्यतीच्या तलावाकाठी, ओल्या कपड्यांनिशी, दुसऱ्याच्या फोनवरून मी नांदेडला त्याच्या बायकोला, शोभावहिनींना, सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही बरे हायत ना, भाऊजी?" त्याला आता दीड महिना झाला.

सुधाकर नायगावचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. शीड लावलेली होडी त्यानं पहिल्यांदा पाहिली ती फौजेत गेल्यावर. निवृत्त होऊन परतला तेव्हा एक जुनी कॅटामरान ट्रकवर घालून घेऊन आला. दोन अरुंद होड्या, मधे ताणलेली जाळी, वर उंच डोलकाठी. नांदेडजवळच्या धरणात ती उतरवली तेव्हा मासे धरणारी माणसं हसली होती. मी लातूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. दर रविवारी पहिली बस धरून मी त्याच्याकडे जायचो. सुकाणू त्याच्या हातात. जोराचा वारा असला की आम्ही दोघंही कमरेच्या पट्ट्याचा हुक डोलकाठीवरून आलेल्या तारेत अडकवून, होडी कलू नये म्हणून बाहेर पाण्यावर लटकायचो. पुढे शर्यतींनाही जाऊ लागलो.

एकदा धरणात होडी कलंडली आणि डोलकाठीत पाणी शिरून पुरती पालथी झाली. आम्ही जाळीखाली गेलो आणि कसेबसे वर आलो. त्यानंतर सुधाकरनं घट्ट फोमचा एक फुगा बनवला आणि डोलकाठीच्या टोकाला बसवला. मग होडी कलंडली तरी आडवीच तरंगायची, पालथी होत नसे. पण आमच्या प्रकारच्या होड्यांच्या शर्यतीत होडीचा खिळासुद्धा ती बनवणाऱ्या कंपनीचाच लागे. तपासनीसानं फुगा उतरवायला लावला.

सुधाकरनं शर्यती भरवणाऱ्या संघटनेच्या सभेत ठराव मांडला : होडीवर काय चालेल, ते होडी चालवणाऱ्यांनी ठरवावं. आदल्या दिवशी आमचा वाद झाला. मी म्हणालो, "एकदा दार उघडलं की पैसेवाले हवी तशी शिडं शिवून घेतील. सगळ्यांच्या होड्या सारख्या आहेत म्हणून तर आपण टिकलोय."

"अन् बुडायलोत ते? मरनार आपन, अन् नियम कंपनीचे? हे लई झालं."

सभेत तो पुढच्या रांगेत बसला होता, मी शेवटच्या. ठरावाच्या विरोधात कोण, असं विचारलं तेव्हा मी हात वर केला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. ठराव थोडक्या मतांनी पडला. हात वर केल्याचं सोडून, परतताना गाडीत मी पुढच्या शर्यतीचंच बोललो.

पुढच्याच शर्यतीत, तिसऱ्या वळणावर, वाऱ्याचा झोत आला. होडी कलंडली, डोलकाठी खाली गेली, सगळं उलटं झालं. माझा हुक सुटला. त्याचा तारेत अडकून राहिला. मी तीनदा बुडी मारली. एकदा त्याचा हात लागला, त्यानं माझी बोटं धरली, मग सोडली… बचावाची नाव आली, तार कापली, पण तोवर उशीर झाला होता.

गेल्या आठवड्यात कंपनीचं पत्रक आलं. डोलकाठीचा फुगा आता ते स्वतःच बनवणार आहेत, आणि तेवढाच चालेल.

त्याच दिवशी मी नांदेडला गेलो. वहिनी त्याच्या खोलीत घेऊन गेल्या आणि आधी खिडकी उघडली. रोज सकाळी उठून वारा कुठून आहे ते तिथून पाहायची त्याची सवय होती. "आता मीच बघायलेय," त्या म्हणाल्या. तेव्हा मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, "वहिनी, त्या सभेत मी सुधाकरच्या विरोधात हात वर केला होता."

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "त्यांच्या बाजूला बसलेल्यानं त्यांना तवाच सांगितलं. घरी येऊन जेवले न्हाईत. म्या विचारलं, आता भाऊजींना सोबत नेनार का? तर म्हनले, त्याच्याबिगर होडीत बसायचं कुनासंगं?"

खिडकीबाहेरच्या लिंबाचं पानही हलत नव्हतं. तरीही वहिनी तिकडेच पाहत उभ्या होत्या.