मावसाजींच्या घटस्फोटाची नक्कल

आमच्या मावसाजींइतका रीतसर घटस्फोट घेतलेला आणि तरीही सासुरवाडीत इतका घट्ट रुतून बसलेला माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. मी कॉलेजात जायच्या सुमारास ते आणि माझी धाकटी मावशी परस्पर संमतीने वेगळे झाले. भांडण नाही, आरडाओरड नाही. आईने दोन दिवस डोळे पुसले, आणि पुढच्याच महिन्यात मावसाजी नेहमीसारखे संत्र्यांची पिशवी घेऊन आजोबांच्या दारात हजर झाले. मावसाजींनी चपला काढल्या, जयभीम केला, पिशवी आजीच्या हातात दिली आणि म्हणाले, "घटस्फोट तिच्यासंगं झाला, बाबाजी. तुमच्यासंगं नाई झाला."

या युक्तिवादाला आमच्या घराण्यात आजवर कुणाला उत्तर सापडलेले नाही. त्यानंतर एकही बारसे, लग्न किंवा तेरवी मावसाजींशिवाय झाली नाही. माझ्या लग्नात तर ते पहाटेच आचाऱ्याच्या डोक्यावर जाऊन उभे राहिले. वांग्याच्या भाजीत मीठ कमी आहे असे त्यांनी सांगितले, आचाऱ्याने ते ऐकले, आणि मग जास्त झाले म्हणून मावसाजी त्यालाच रागावले. नवऱ्याकडच्या एका वडीलधाऱ्यांनी हे गृहस्थ कोण म्हणून विचारले, तेव्हा बाबा म्हणाले, "आमचे साडू होते." मग मावसाजी पाण्याचे जग घेऊन धावताना दिसले, तसे बाबांनी दुरुस्ती केली, "म्हणजे, आहेत."

असा माणूस मावशीने सोडला कशाला, असे नव्याने ओळख झालेला प्रत्येकजण विचारतो. मावशी आंजीच्या शाळेत मास्तरीण होती. तिला कुठलीही गोष्ट एका वाक्यात सांगायची सवय. ती म्हणायची, "मानूस वाईट नाई, पन रोजचा नाई." त्या काळी दोघे पुलगावला राहायचे. मावसाजी तिथल्या लष्करी डेपोत नोकरीला. पहाटे उठून ते स्वयंपाकघरातले डबे नव्या शास्त्राप्रमाणे लावायचे, आणि मावशीला सकाळच्या शाळेच्या घाईत साखरेच्या जागी मीठ मिळायचे. ती पोळ्या लाटत असली की हे मागे उभे राहून पोळी कोणत्या बाजूने फिरवावी ते सांगायचे. उन्हाळ्यात वाऱ्याचा अभ्यास करून ते रात्री पलंगाची दिशा बदलत. मावशी झोपलेली असली तर तिच्यासकट. झोपताना उत्तरेला असलेले डोके जागे होताना पूर्वेला सापडते, यात कोणत्या बाईचा संसार टिकेल? गंमत म्हणजे लग्नात असताना ते मावशीला "तू" म्हणायचे, आणि कोर्टाचा हुकूम झाल्या दिवसापासून न चुकता "तुमी" म्हणू लागले. कायद्याबद्दल त्यांना अतोनात आदर.

निवृत्तीनंतर त्यांना लॅमिनेशनचा नाद लागला. दुकानात जाऊन करून घ्यायचे नाही. घरीच, प्लास्टिकच्या कागदात घालून, वरून इस्त्री फिरवायची. रेशनकार्ड झाले, विजेची बिले झाली, माझ्या मुलीच्या बारशाची पत्रिका झाली, बोधिवृक्षाचे म्हणून कुणी दिलेले पिंपळाचे पान झाले. त्याच ओघात घटस्फोटाच्या हुकुमाची पाळी आली. त्या दिवशी इस्त्री जरा जास्त तापली होती. शिक्का पसरला, आणि दाव्याचा नंबर, निकालाची तारीख, साल हे सगळे वितळून एकमेकांत मिसळले. मावसाजींना वाईट वाटले नाही. आता हा कागद पुन्हा कशाला लागतो, असे म्हणून त्यांनी तो ट्रंकेच्या तळाशी घातला.

आणि मागच्या वर्षी तो लागला. एका रविवारी मावसाजी माझ्या वर्ध्याच्या घरी आले, चहा न मागता बसले, आणि भिंतीकडे बघत म्हणाले की ते लग्न करणार आहेत. सेवाग्रामच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर होत्या; नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगी हैदराबादला. मावसाजी त्यांच्याकडे रक्तदाब तपासून घ्यायला जायचे, त्या मोजायच्या, आणि मावसाजी त्यांना पट्टा कसा गुंडाळावा ते सांगायचे. सिस्टरनी ते हसून ऐकून घेतले. ऐकून घेणारी बाई त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटली असावी. पण लग्नाच्या नोंदणीसाठी आधीच्या घटस्फोटाची प्रमाणित नक्कल हवी होती, आणि यांच्याजवळ होता तो वितळलेला कागद.

आम्ही कोर्टात नक्कल विभागात गेलो. खिडकीपलीकडच्या बाई समजूतदार होत्या. जुन्या निकालांच्या फाइली रेकॉर्ड रूममध्ये असतात, अर्ज करा, कोर्ट फीचे तिकीट लावा, नक्कल मिळेल, असे त्यांनी सांगितले. फक्त दाव्याचा नंबर हवा. तो नसेल तर दोघांची नावे आणि निदान निकालाचे साल, म्हणजे त्या सालच्या रजिस्टरात शोधता येईल. मावसाजींना वर्षे आकड्यांनी आठवत नाहीत. खूप आठवून ते म्हणाले, "ज्या साली संत्र्याचा अंबिया बहार गळला, ते साल."

त्या बाई शेतकऱ्याच्या घरच्या असाव्यात. "आमच्याकडं तर दर दुसऱ्या साली गळते, काका," त्या म्हणाल्या, आणि वर सुचवले की दुसऱ्या पक्षकाराकडे कागद असेल तर त्यावरून नंबर मिळेल.

दुसरा पक्षकार म्हणजे आता आंजीलाच राहणारी मावशी. स्कूटरवर माझ्यामागे बसून आंजीपर्यंत मावसाजी एक शब्द बोलले नाहीत. मी ब्रेक कधी दाबावा हेसुद्धा त्यांनी सांगितले नाही, तेव्हा मला काळजी वाटू लागली. मावशीला आमचे चेहरे बघून कुणी गेले की काय असेच वाटले. मावसाजी खुर्चीच्या कडेवर टेकले, नळाला पाणी किती वेळ येते ते विचारले, कापसाचे विचारले, आणि एकदम म्हणाले, "मी लगन करून राह्यलो."

मावशीच्या हातात चहाचा ट्रे होता. तो तिने नीट खाली ठेवला. कोणाशी, कुठल्या, काय करतात, सगळे विचारून झाले. मग जरा थांबून म्हणाली, "त्यायले पलंगाचं सांगितलं का?"

"आता भिंतीत फिट केला हाय पलंग," मावसाजी म्हणाले.

मावशी हसली. तिला हसताना बघून त्यांच्या खांद्यांवरचे ओझे उतरलेले मला दिसले. तिने आत जाऊन पेन्शनच्या कागदांतली झेरॉक्स आणली. तिच्यावर नंबर, तारीख, सगळे स्वच्छ होते. आता आम्ही निघणार, तेवढ्यात तिने साडीचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "उद्या मी बी येतो. तुमी गेले तर त्या बाईले काम शिकवत बसान."

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात कडुलिंबाच्या झाडाखाली दोघांनी मिळून अर्ज लिहायला घेतला. 'नम्र विनंती' आधी की 'विषय' आधी यावरून तिथेच जुंपली. मावशी मास्तरीण, मावसाजी कायद्याचे भक्त; कुणी हटेना. शेजारच्या टेबलावर अर्ज टाइप करून देणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना राहवले नाही. ते उठून आले आणि मावसाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, या वयात काऊन घटस्फोट? थोडं सांभाळून घ्या ना. वहिनी चांगल्या दिसतात."

"झालेला हाय, भाऊ," मावशी शांतपणे म्हणाली. "त्याचीच नक्कल पाह्यजे."

गृहस्थ एकदा तिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मुकाट्याने आपल्या मशीनवर तो अर्ज टाइप करून दिला. त्यात मावशीच्या म्हणण्याप्रमाणे 'विषय' आधी होता.

नक्कल तयार झाल्याचे कळले तेव्हाही दोघे आले. व्हरांड्यातल्या बाकावर बसून मावसाजींनी ती पहिल्यापासून वाचली. स्वतःच्या मर्जीने, कुणाचाही दबाव नसताना, एकत्र राहणे शक्य नसल्याने. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला. मावशी समोरच्या मोटारसायकलींकडे बघत होती. कागद घडी करून खिशात ठेवल्यावर ते म्हणाले, "तीन साक्षीदार लागतात. दोन मिळाले." आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा "तुमी" विसरून, "साक्षीले येशीन का तू?"

सिस्टरना काय वाटेल, लोक काय म्हणतील, माझ्याच डोक्यात शंभर गोष्टी आल्या. मावशी मोटारसायकलींवरची नजर काढून त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "आधार कार्ड आनावं लागते का?"

लग्न झाले. नोंदणी कार्यालयात गर्दी नव्हती. सिस्टर फिकट निळी साडी नेसल्या होत्या. मुलगी हैदराबादहून आली होती आणि आईपेक्षा तीच जास्त लाजत होती. मावशीने आपल्या सुरेख शाळामास्तरी अक्षरात सही केली. सिस्टरनी पुढे होऊन तिचा हात धरला आणि दोघी कोपऱ्यात जाऊन काही बोलल्या. काय बोलल्या ते मला आजवर कळलेले नाही. मावसाजी मात्र दुरून फार अस्वस्थ होऊन बघत होते. नंतर विहारात वंदना झाली, आणि फोटोग्राफरला कुठे उभे राहायचे ते नवरदेवाने स्वतः सांगितले.

संध्याकाळी मी मावशीला आंजीला सोडायला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. घरी पोचल्यावर ती म्हणाली, बस, चहा घे. चहा झाला तरी ती उठली नाही. मग आपणहून सांगू लागली, की लग्नाच्या पहिल्या वर्षी पुलगावात दोघे संध्याकाळी नदीपर्यंत फिरायला जायचे. जाताना बोलायचे, येताना बोलायचे, मावसाजीच. आकाशातले तारे, डेपोतला साहेब, पाण्याला भोवरा का पडतो, सगळे.

"लय बोलत जाय," ती म्हणाली. "घरात कंटाळा येत जाय मले. पन चालताना बरं वाटे."

बाहेर अंधारून येत होते. तिने कप उचलले, आत गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.