बारीक खिळे नसलेला छापखाना

कुठलाही छापलेला कागद हाती आला की आक्का तो आधी उलटा धरायच्या. डोकं खाली, पाय वर. मग हात लांब करून, एक डोळा मिटून त्याच्याकडे बघत राहायच्या. आपण वाचायला पुढे वाकलो की म्हणायच्या, "वाचू नगा मास्तर. बघा."

वाचायला लागलं की माणूस अर्थाच्या मागे धावतो आणि अक्षर निसटतं, असं त्यांचं म्हणणं. उलट्या कागदावर अर्थ दिसत नाही, नुसती अक्षरं दिसतात. सडपातळ अक्षरांच्या ओळीत घुसलेला एखादा जाडा 'म' लगेच डोळ्यात खुपतो, दोन शब्दांत पडलेली खिंड दिसते. तुम्हीही करून पाहा, दिसतं.

वडूजला मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो. बाजारपेठेच्या टोकाला आक्कांचा छापखाना होता. पुढे दगडी पायरी, आत पायानं चालवायचं एक मशीन आणि भिंतीला लागून खिळ्यांचे खण. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. एकेक उचलून ओळ जुळवायची, छापून झालं की ज्याचं त्याच्या खणात परत टाकायचं. शाळेच्या प्रश्नपत्रिका तिथं व्हायच्या. त्या तपासता तपासता मी आक्कांची इतर प्रुफंही वाचू लागलो. ऱ्हस्व-दीर्घाशी त्यांचं आयुष्यभराचं वाकडं होतं. "ते तुमचं काम," म्हणायच्या. "येलांटी कुठल्या अंगाला वळती ते तुमी बघा. ती सरळ हुबी हाय का, ते मी बघती."

त्यांचे मालक गेले तेव्हा दिरांनी मशीन विकायला गिऱ्हाईक आणलं होतं. आक्का मशीनपुढे स्टूल टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "हे चालतंय. चालतंय ते इकत न्हाईत." गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं. दीर पुन्हा त्या विषयाला आले नाहीत.

एकदा एका सोसायटीच्या अहवालात जिथं तिथं जाडा 'र' येऊ लागला. एक काढावा तर पुढच्या ओळीत दुसरा. आक्कांनी 'र'चा खण गोणपाटावर पालथा केला आणि एकेक खिळा अंगठ्यानं चाचपून बघायला बसल्या. प्रत्येक घराण्याच्या, म्हणजे एका वळणाच्या, खिळ्याला बुडाशी वेगळी खाच असते. जाड्या घराण्यातले कितीतरी 'र' चुकून या खणात मुक्कामाला आले होते. सोसायटीचे सेक्रेटरी उभे राहून कंटाळले. "आवं, छापा तसंच. कोण बघतंय?"

"मी बघती," आक्का म्हणाल्या आणि मान वर न करता खिळे निवडत राहिल्या.

मला सांगायचं आहे ते मात्र पुढचंच. मोठ्या दुष्काळानंतरचा एक उन्हाळा होता, लग्नसराईचा. बाजारच्या दिवशी एक निवृत्त सुभेदार पत्रिका छापायला आले. गाव दहिवडीकडचं. लग्न त्यांच्या पुतणीचं, शालनचं. मुलगा विट्याचा, घरचा गलाईचा धंदा, म्हणजे लांबच्या शहरात सोनं गाळायचं दुकान. स्थळ तोलामोलाच्या वर होतं आणि सुभेदार त्या खुशीत होते. त्यांच्याबरोबर मुलीची आई होती, हौसाबाई. ती आत आली नाही, पायरीवर बसली. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता, तो तिकडेच वारला. मागं हिनं मेंढरं राखली, दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि पोरगी वाढवली. हे मला सुभेदारांनीच कौतुकानं सांगितलं. माणूस वाईट नव्हता, हे तुमच्या ध्यानात असू द्या.

पहिलं प्रूफ निघालं. मी वाचलं, आक्कांनी उलटं धरून पाहिलं, सुभेदारांनी पसंत केलं. तेवढ्यात पायरीवरून हौसाबाईनं विचारलं, "आक्का, ह्यात मी कुठं हाय?"

तिला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, असेल कुठंतरी, बोट ठेवून दाखवतील.

आक्कांनी कागद सुलटा केला. वर कैलासवासी बाप होता. खाली 'आपला नम्र' म्हणून सुभेदार होते, त्यांच्या हुद्द्यासकट. आई कुठंच नव्हती.

"न्हाईस गं," आक्का म्हणाल्या.

सुभेदार हसले. "आवं आक्का, शुभकार्याची पत्रिका. तिथं रांडाव बाईचं नाव कोण घालतं व्हय?"

आक्का स्वतःही विधवाच होत्या, हे सुभेदारांच्या बोलून झाल्यावर ध्यानात आलं असावं. ते घाईनं म्हणाले, "बरं, ऱ्हाऊ द्या. पार खाली घाला. गं. भा. लावून. बारीक अक्षरात."

"बारीक खिळं न्हाईत माझ्याकडं."

बारीक खिळ्यांचा भरलेला खण त्यांच्या पाठीशी होता. त्यातूनच मी आदल्या आठवड्यात वार्षिक परीक्षेचा पेपर जुळवून घेतला होता. मी प्रुफात डोकं खुपसलं.

"बारीक खिळं न्हाईत? छापखाना हाय का गुऱ्हाळ?"

"गुऱ्हाळ समजा. एकाच मापाची ढेप निघंल. तुमच्या नावाला जे खिळं, तेच हिच्या नावाला. आन् ती आई हाय, तवा वरती."

सुभेदारांचा चेहरा उतरला, मग तापला. "व्याह्यानं पत्रिका बघून लगीन मोडलं तर? तुमी पोरगी पदरात घ्येनार हाय का?" त्यांनी हस्तलिखित उचललं. साताऱ्याला छापून घेतो म्हणाले आणि निघाले. "चल गं," ते पायरीवर म्हणाले.

हौसाबाई उठली नाही. "तुमी व्हा म्होरं, भावजी. मला बाजार करायचाय." बाजाराची पिशवी तिच्याकडे नव्हती.

सुभेदार दिसेनासे झाल्यावर ती आत आली. आक्कांनी तिचं पूर्ण नाव विचारलं आणि पत्रिका पहिल्यापासून नव्यानं जुळवायला खिळे उचलू लागल्या. मी म्हणालो, "आक्का, त्यांचं बोलणं अगदीच खोटं नाही. लग्न मोडलं तर?"

"मोडलं तर दुसऱ्या लग्नाची पत्रिकाबी हितंच छापू. आशीच."

बोलल्या ठणकावून. पण त्या पत्रिकेचं प्रूफ मी बघितलं आणि 'शालन'मधला 'ल' जाडा आला होता. आक्कांच्या हातून तसं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी बोट ठेवलं. त्यांनी तो खिळा चिमट्यानं काढला आणि नवा बसवायला त्यांना बराच वेळ लागला. "पोरीचं नाव हाय ओ," एवढंच म्हणाल्या.

अशा रीतीनं एका लग्नाच्या दोन पत्रिका निघाल्या. साताऱ्याची गुलाबी, सोनेरी कडेची, सुभेदारांनी वाटली. वडूजची साधी पिवळी. तिच्यात तळाशी नव्हे, वरच, 'श्रीमती हौसाबाई' आणि शेजारी त्याच अंगाच्या अक्षरात सुभेदार. ती हौसाबाईनं दारोदार स्वतः फिरून दिली. काही घरांत बायकांनी ती हातात घेतली नाही, उंबऱ्यावर ठेव म्हणाल्या. तिनं ठेवली आणि पुढं गेली. विट्यालाही ती एस.टी.नं एकटी जाऊन आली. व्याही घरी नव्हते. दारातल्या म्हातारीच्या हातात पत्रिका देऊन ती परतली.

लग्नापर्यंत विट्याहून काहीच कळलं नाही. आक्का त्या दिवसांत उगाच खण आवरत होत्या.

लग्नाला आम्ही दोघंही गेलो. वऱ्हाड आलं, वाजंत्री थांबली आणि मुलाचे वडील मांडवाच्या तोंडाशीच उभे राहिले. काटक, कमी बोलणारा माणूस. खिशातून त्यांनी पिवळी पत्रिका काढली.

"ह्यात हौसाबाई कोण?"

सुभेदार पुढे झाले, "आवं पाव्हणं, ती चूक छापखान्याची..." आक्का माझ्याशेजारून ताडकन उठल्या. "चूक न्हाई. मी छापलंय." त्यांचा आवाज मांडवाबाहेर गेला असेल.

बायकांच्या पार मागच्या रांगेत, खांबाआड, हौसाबाई उभी राहिली. पदर डोक्यावर ओढलेला.

व्याह्यांनी तिच्याकडे बघितलं. "आमाला बोलावलंसा आन् सोता मागं बसलायसा? या म्होरं. पोरगी तुमच्या हातनं घ्यायची आमाला."

ती पुढे आली. वाटेत एकदा थांबली. शालननं डोकं वर केलं आणि आईला हाक मारली, मग ती आली. अक्षता पडेपर्यंत ती लेकीमागं उभी होती. बायका काहीतरी कुजबुजत होत्या, पण कुणी तिला हलवलं नाही. सुभेदार पंगतीत आमच्या समोर बसले आणि भराभर जेवून उठले. आक्कांनी दोनदा लापशी मागून घेतली.

इथं गोष्ट गोड संपायला हवी, पण सुभेदारांचा शब्द त्या भागात चालत होता. त्या सराईत आसपासच्या गावांच्या पत्रिका विट्याला आणि साताऱ्याला गेल्या. छापखान्यात शाई वाळायला लागली. मी म्हणालो, सुभेदारांकडे जाऊन दोन शब्द बोला. आक्कांनी माळ्यावरचे मोठे लाकडी ठसे काढले आणि तांबड्या शाईत एक फलक छापून दारावर चिकटवला:

'येथे आईचे नाव ठळक अक्षरात छापले जाईल.'

"शुद्ध हाय का तेवढं सांगा," म्हणाल्या.

शुद्ध होता. फलकापायी टवाळी झाली, रात्री कुणी त्याला शेण फासलं. आक्कांनी नवा छापला. पुढे माण भागातल्या एकदोन बायका बाजाराच्या दिवशी पायरीवर येऊन बसायच्या, कार्य कधी आहे ते सांगायच्या आणि हळूच आपलं नाव सांगायच्या. फार नाहीत. धंदा उभा राहील इतक्या तर नाहीतच. छापखाना तगला तो पावती पुस्तकांवर आणि आमच्या शाळेच्या पेपरांवर.

मग माझी सांगलीला बदली झाली. काही वर्षांनी वडूजला गेलो तेव्हा आक्का गेलेल्या होत्या आणि त्या जागी शिलाईचं दुकान होतं. दुकानदारानं मला पाणी दिलं. त्याला आधी तिथं काय होतं ते माहीत नव्हतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बदलीच्या दिवशी, एस.टी.च्या खिडकीतून. आदल्या दिवशी निरोप घेतला होता, त्यामुळे त्यांचं लक्ष नव्हतं. पायरीवर कुणी पांढऱ्या टोपीतला तालेवार माणूस उभा होता. हातातला पत्रिकेचा कागद नाचवत तो बरंच काही सांगत होता, दारावरच्या तांबड्या फलकाकडे बोट करत होता, मध्येच छातीवर हात ठेवत होता. आक्का पायरीवर ऐसपैस बसल्या होत्या, शाईचे हात गुडघ्यांवर टाकून. बोलणं ऐकू येत नव्हतं. त्यांची मान तेवढी दिसत होती. ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, सावकाश हलत होती. गाडी वळली तरी ती हलायची थांबली नव्हती.