हणमंत, रोटरीचा मॅनिफोल्ड आणि मगभर पाणी

हणमंता, तू मेलास म्हणून मी तुला माफ केलेलं नाही.

आज वर्ष झालं. राग आहे तिथंच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हणमंत माझा पॉलिटेक्निकपासूनचा मित्र. तो वाळूजला वेल्डिंगला, मी तिथंच मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं बजाजनगरच्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

त्या शेडमध्ये एक रोटरी इंजिन होतं. परदेशी, भंगारातून आलेलं. त्यात पिस्टन नसतात, तिकोनी रोटर गोल फिरतो. हणमंतनं ते एका जुन्या गाडीत बसवलं, आणि वर ह्या साहेबांना इंजिनाचा जोर वाढवणारा टर्बो पण पाहिजे होता.

हा सगळा खटाटोप का, तर त्यानं वडिलांना शब्द दिला होता. आप्पांचा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला.

"आप्पा, एकदा तुमाला ह्या गाडीतून मेंढरांपर्यंत नेतो."

अडलं कुठं? मॅनिफोल्डवर. इंजिनातला जाळ टर्बोपर्यंत नेणाऱ्या दोन नळ्या, बस्स.

पण रोटरीचा जाळ साध्या इंजिनापेक्षा भलताच गरम. नळ्या लालभडक होतात. कुठला धातू ते सोसेल यावरून आम्ही जेवढे भांडलो तेवढे नवरा-बायकोही भांडत नसतील.

आधी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा केला. तडकला.

मग साध्या एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा. तो तडकला नाही, पण आतून पापुद्रे सुटायला लागले. ते टर्बोच्या पात्यांत गेले असते तर टर्बोच गेला असता. काढला.

मग स्टेनलेस स्टील, ३०४ नंबरचं. वेल्डच्या कडेला केसासारखी चीर.

"धातूच हलका हाय."

"धातूला नावं ठेवू नकोस हणमंता. तुझ्या हातातल्या मगाला ठेव."

कारण ह्या माणसाला धीर नव्हता. इंजिन बंद केलं की ड्रममधून मगभर पाणी घ्यायचा आणि त्या लाल मॅनिफोल्डवर मारायचा. चर्रर्र! का, तर लगेच हात लावून वेल्ड बघता यावा म्हणून.

"अरे पाणी नको! तडकतं त्यानं!"

"कामून वरडतीस गं सुमे? वेल्ड बघू दे की."

"आपोआप थंड होऊ दे ना."

"तवर कोन थांबतंय? मला लई कामं हायेत."

कामं कसली? बाजूला बसून चहा प्यायचा.

शेवटी मी हट्टानं ३२१ नंबरचं स्टेनलेस मागवलं. त्यात टायटॅनियम असतं, वेल्डजवळ ते उष्णता जास्त सोसतं. जाड नळी घेतली. आतून आर्गॉन वायू सोडून हणमंतनं असा वेल्ड मारला की बघत राहावं. हातात कला होती त्याच्या, हे मी रागातही कबूल करते.

पहिलीच टेस्ट. इंजिन बंद. मगभर पाणी. चर्रर्र. तडा.

"बघ, तुजं ३२१ बी तसलंच निघालं."

मी हातातला पाना फेकला आणि घरी गेले. कितीतरी दिवस बोलले नाही त्याच्याशी.

मग तो दुष्काळी उन्हाळा आला. बजाजनगरात टँकरची वाट बघत बायका भांडत होत्या. शेडमधला ड्रम कोरडा ठणठणीत.

हणमंतनं ३२१चा दुसरा मॅनिफोल्ड केला. टेस्ट झाली. हा सवयीनं ड्रमकडे गेला. हातातला मग नुसता तळाला खरवडला.

नाइलाजानं थांबला. तडा नाही!

अख्खा उन्हाळा तडा नाही. आणि हा काय म्हणाला माहितीये?

"ह्या टायमाला माल चांगला आला, नाय का?"

पाण्याचं नावसुद्धा काढलं नाही!

गाडी तयार होती, पण आप्पा नव्हते. जवळच्या चराईच्या रानात प्लॉटिंगचे दगड लागले होते, त्यात दुष्काळ. ते मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी लांब गेलेले.

पाऊस पडल्यावर आप्पा परत आले.

ड्रमही भरला.

आप्पांना न्यायच्या आदल्या दिवशी हणमंतनं शेवटची टेस्ट घेतली. पुढचं सांगत नाही, तुम्हाला कळलंच असेल.

परत नळी आणली, कापली, वेल्डचे नुसते टाके मारून ठेवले. त्यातच एका सकाळी शेडमध्ये त्याच्या छातीत कळ आली. मी म्हटलं, चल दवाखान्यात.

"गॅस झालाय गं. थांब जरा. व्हईल कमी."

लाल लोखंडासाठी आपणहून कधी न थांबलेला माणूस तेव्हा थांबला. नको तिथं थांबला. मी ओढून रिक्षात घातला तोवर उशीर झाला होता. क्रांती चौकाच्या ट्रॅफिकमध्ये त्यानं माझा हात सोडला.

अजून डोकं फिरतं माझं.

उरलेले वेल्ड मी मारले, हणमंता. तुझ्याइतके देखणे नाहीत, पण पक्के आहेत. आज आप्पांना शेडमध्ये बोलावलं आणि इंजिन सुरू केलं. मॅनिफोल्ड लाल झाला. बंद केलं.

वळून बघते तर आप्पा ड्रमजवळ. हातात भरलेला मग.

"पोरी, लई तापलंय गं. मारू का पानी?"

"आप्पा, नको!"

इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या शेडमधली माणसं बाहेर आली. तुझ्यावर ओरडायचे ना, अगदी तसंच.

आप्पांनी मग खाली ठेवला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं.

"मंग आता?" ते म्हणाले.

"आता काय, बसायचं."

बसलो. चहा घेतला. आप्पा मॅनिफोल्डकडे बघत म्हणाले, "त्याला येवढं बसायला जमलं नाय बग." मग मला रडू आवरलं नाही. त्यांनाही नाही.

थंड झाल्यावर टॉर्च लावून प्रत्येक वेल्ड बघितला. बोट फिरवलं. आप्पांनीही फिरवलं.

तडा नाही, हणमंता.

उद्या आप्पांना मेंढरांपर्यंत नेते. गाडी तुझी, शब्द तुझा, आणि चालवणार मी. जरा थांबायला शिकला असतास तर तूच चालवली असतीस.

भावपूर्ण श्रद्धांजली, गाढवा.